स्वयंपाकघर नव्याने करतोय: कुठली यंत्रं दोन वर्षांनीही ओट्यावर राहतात?

माजघर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघराचं काम काढतोय. कोथरूडला १९९८ सालची इमारत, चौथा म्हणजे सगळ्यात वरचा मजला. ओटा, फरशी, कपाटं सगळंच बदलायचं आहे. घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. त्या ७४ वर्षांच्या आहेत, बोटांत संधिवात. कुकरचं झाकण हल्ली त्यांना लागत नाही, मिक्सरचं भांडं फिरवून बसवताना मनगट दुखतं. तरी सकाळचा चहा आणि आमटी त्यांचीच, आणि ती तशीच राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दुकानात गेलो तर एअर फ्रायर, डिशवॉशर, इंडक्शन, ओट्यात बसवायचा हॉब, फोनवरून चालू होणारी चिमणी असं सगळं एका दमात दाखवलं. नातेवाइकांकडे बघते तर यातली निम्मी यंत्रं माळ्यावर खोक्यात आहेत. म्हणून "कुठली कंपनी चांगली" हे मी विचारत नाही. तुमच्या घरी काय टिकलं, काय माळ्यावर गेलं आणि का, ते सांगा.

आमचा एक अनुभव आधी सांगते. चार वर्षांपूर्वी इंडक्शन शेगडी घेतली. मिक्सर लावायचो त्याच प्लगला लावली. तीन महिन्यांनी दुपारी जळका वास यायला लागला, सॉकेट वितळून शेगडीची पिन आत चिकटून बसली होती. घरात तेव्हा सासूबाई एकट्याच होत्या. त्यांनी मेन स्विच बंद केला म्हणून निभावलं. शेगडीला काहीच झालं नव्हतं, पण त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही. यावेळी असं होऊ द्यायचं नाहीये.

वायरमन_नाशिक

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी आधी वाचला आणि तिथूनच सुरुवात करतो.

मिक्सरचा छोटा प्लग ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला त्याची ताकद जेमतेम १३८० वॅट. तुमची शेगडी १८०० ते २००० वॅटची असणार, म्हणजे ८ ते ९ अँपिअर. शेगडी मध्यम आचेवर चालेपर्यंत सॉकेट सहन करतं, पूर्ण आचेवर अर्धा तास चालली की पत्ती तापते, सैल होते, सैल झाली की ठिणगी पडते आणि आणखी तापते. दोष शेगडीचा नाही, प्लगचा आहे. १९९८ च्या इमारतीत ओट्यावर दोन छोटे प्लग आणि फ्रिजला एक मोठा एवढंच असायचं. तेव्हा गरजच तेवढी होती.

आता भिंत फोडणारच आहात तर यंत्रं निवडण्याआधी हे करून घ्या. ओट्यावर १६ अँपिअरचे किमान तीन पॉइंट, प्रत्येकाची लाइन वेगळी, बोर्डापासून थेट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की लाइन आपोआप तोडणारा स्विच). एका लाइनवरून दुसऱ्या पॉइंटला फाटा काढू देऊ नका, वायरमन वायर वाचवायला हमखास काढतात. सिंकपासून पॉइंट लांब ठेवा. आणि सगळ्यांच्या डोक्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली, शॉक बसला की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. ओल्या हाताने स्विच लावणारी वयस्कर माणसं घरात असतील तर पहिला खर्च त्याच्यावर करा. टाइल्स बसल्यावर यातलं काहीही करायचं म्हटलं तर दुप्पट पैसे जातात.

अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी वायर प्लगपर्यंत आलेली असते पण खाली कुठेच जोडलेली नसते. हे मी दर आठवड्याला बघतो.

आंबोळी

वायरमनदादांना पूर्ण अनुमोदन. वाचनखूण साठवली.

आमच्याकडे (रत्नागिरी) टिकलेलं एकच यंत्र सांगते, टेबलावरचा वेट ग्राइंडर. दगडी पाट्याचा, दोन लिटरचा. घावन, आंबोळी, वडे आणि नारळाचं वाटप रोजचं. मिक्सरमध्ये पीठ गरम होतं आणि आंबायला वेळ घेतं, दगडावर थंड राहतं. वाटणाला तर मिक्सरात पाणी घालावंच लागतं, नाहीतर पातं नुसतं फिरत राहतं. सात वर्षं झाली, एक पट्टा बदलला.

माळ्यावर गेलं ते फूड प्रोसेसर. त्याचे दहा भाग धुण्यापेक्षा विळीवर कोबी चिरून होतो.

कार्बनब्रश

माझं सांगलीत मिक्सर, इंडक्शन, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. ताईंनी प्रश्न योग्य विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे रोज जे येतं त्यावरून सांगतो. जुना मिक्सर दुरुस्त होतोच. कपलर (जार मोटरला जोडणारी चकती) तुटतो, कार्बन ब्रश झिजतात, जारचा बुश जातो. जारच्या खालून काळं पाणी गळायला लागलं की बुश गेला समजा, त्याच दिवशी आणा, नाहीतर ते पाणी मोटरवर उतरतं आणि आर्मेचर जळतं. अनेकांना माहीत नसतं, मिक्सरच्या पोटाखाली एक लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. लोक घाबरून दुकानात घेऊन येतात, मी बटण दाबून परत देतो. त्याचे पैसे घेत नाही.

आता नव्या यंत्रांचं. इंडक्शन, इन्व्हर्टरचा एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या मोटरचा, कमी वीज खाणारा), सगळ्यांत इलेक्ट्रॉनिक कार्ड आलं. वीज नक्की वाचते, त्याबद्दल दुमत नाही. पण कार्ड गेलं की मामला वेगळा. कंपनीचा माणूस पूर्ण कार्ड बदलायला सांगतो आणि त्याची किंमत कधी कधी यंत्राच्या निम्म्यापर्यंत जाते. बऱ्याच वेळा कार्डावरचा एकच भाग गेलेला असतो. इंडक्शनमध्ये आयजीबीटी (वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग) आणि फ्यूज, ते बदलले की शेगडी चालू. पण काही नवी कार्डं काळ्या राळेत बुडवून येतात, मग आमचा हात पोचत नाही.

कार्ड मरायची कारणं माझ्या टेबलावर दिसतात ती अशी: झुरळं, पाली आणि तेलाची वाफ. इंडक्शनच्या खाली एक छोटा पंखा असतो. तो फोडणीचं तेल आणि पीठ आत ओढतो, त्याचा चिकट थर बसतो आणि पंखा हळू होतो. मागच्या महिन्यात एक शेगडी उघडली तर पंख्याच्या पात्यांवर बोटभर जाड राप होता, हळद दिसत होती त्यात. म्हणून शेगडी भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा ठेवा. स्वयंपाक झाल्याबरोबर मेन बटण बंद करू नका, आतला पंखा दोन मिनिटं चालू द्या, तो काच आणि आयजीबीटी थंड करत असतो. एवढं केलंत तर शेगडी वर्षानुवर्षं चालते.

घेताना दुकानात एकच विचारा: "याचा जार, कपलर, गॅस्केट इथे सुटं मिळतं का?" उत्तर द्यायला दुकानदार अडखळला तर दुसरं बघा. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय, तिथे बऱ्याच कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती असते. घ्यायच्या आधी बघा, बिघडल्यावर नव्हे.

पाटावरवंटा

कार्बनब्रश काकांचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावला.

मिक्सरवरून एक आठवण नोंदवते, कारण आजच्या प्रश्नाशी ती थेट जोडलेली आहे. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर सीमेन्समध्ये होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन ब्राऊन मिक्सर आपल्या वाटणाने जळला, कारण तो बनला होता मऊ पदार्थांसाठी. त्यातून साठच्या दशकात 'सुमीत'चा जन्म झाला, आपल्या ओल्या-सुक्या वाटणाला झेपेल अशा मोटरचा. आमच्या आईकडे तो होता. भाजलेली डाळ, सुकं खोबरं, गोड्या मसाल्याचा दगडफूल-तमालपत्र असला चिवट माल, सगळं सोसायचा. परदेशी धर्तीवरचं यंत्र घेताना मी अजून हेच बघते: हे कुणाच्या जेवणासाठी बनलंय?

एअर फ्रायर त्याच कसोटीला लावला. सांगू का, तो तळणाचा पर्याय नाहीच. तो छोटा, पंख्याचा ओव्हन आहे. चकलीला तेलात बुडून जो खुसखुशीतपणा येतो तो गरम हवेने येत नाही, कच्ची भाजणी कोरडी लागते. कुरडया, सांडगे फुलत नाहीत. पण शेंगदाणे! अर्धा किलो शेंगदाणे १६० अंशांवर १२-१४ मिनिटं, मध्ये दोनदा हलवायचे. कढईपाशी उभं राहावं लागत नाही, एकही काळा पडत नाही, आणि सालं नुसत्या चोळण्याने सुटतात. आमच्याकडे उपासाच्या दिवसांत कूट आठवड्याला लागतंच. म्हणून तो टिकला. भरली वांगी, सुरळीच्या वड्यांची दुसऱ्या दिवशीची गरमी, कोथिंबीर वडी, हे उत्तम. पातळ पोहे मात्र टाकू नका. हवेच्या झोताने उडतात आणि वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटून जळतात. टाकायचेच असतील तर वर स्टीलची जाळी उपडी ठेवा.

खानदेशी_कळणा

आमच्याकडे (जळगाव) टिकली ती घरघंटी. नऊ वर्षं. १ एचपीची. ज्वारी, बाजरी, कळण्याच्या भाकरीचं पीठ, डाळीचं पीठ, थालीपिठाची भाजणी, सगळं त्यातच. जाळ्या बदलून रवाळ-बारीक करता येतं.

खरा फायदा बाजरीत आहे. बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडसर होतं, तिच्यातल्या तेलामुळे. गिरणीत दोन किलो दळून आणावं लागायचं आणि अर्धं कडू व्हायचं. आता रविवारी अर्धा किलो, बुधवारी अर्धा किलो. ज्यांनी ताज्या पिठाची भाकरी खाल्ली त्यांना वेगळं सांगायला नको.

वाईट बाजूही सांगतो. आवाज मोठा आहे, दुपारी शेजारी झोपलेले असताना लावत नाही. आणि दळण झाल्यावर आतलं पीठ ब्रशने झाडलंच पाहिजे, चार दिवस राहिलं की पोरकिडे होतात. हे झाडायचा कंटाळा असेल तर घेऊ नका.

नागपुरी_ऊन

वीजबिलाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंडक्शन स्वस्त की गॅस, यावर घरोघरी वाद होतात. हिशेब असा करा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट एवढी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर तिचा दोन तृतीयांश भाग भांड्यात जातो, म्हणजे १२०. इंडक्शनवर ८५ टक्के जातो, म्हणजे तेवढाच स्वयंपाक करायला १४० युनिट वीज लागते. आता तुमच्या वीजबिलात दरांचे टप्पे असतात, त्यातल्या तुम्ही पोचता त्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर १४० ला गुणा, कारण इंडक्शनचे युनिट वरूनच वाढतात. तो आकडा आणि सिलिंडरची किंमत शेजारी ठेवा. १०० युनिटच्या पुढे गेलेल्या घरांत बहुधा गॅसच स्वस्त पडेल. छतावर सोलर असेल तर उलट. आमच्या छतावर ३ किलोवॉट आहे, म्हणून दुपारचा स्वयंपाक पूर्ण इंडक्शनवर. भाकरी फक्त गॅसवर, तिला ज्योत लागते.

आणि पंखे बदला, स्वयंपाकघराच्या बजेटमधूनच. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० ते ३५. दिवसाला १५ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १८० युनिट वाचतात. २०२३ पासून छताच्या पंख्याला स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे आता तुलना करणं सोपं झालंय. फ्रिजच्या लेबलवरही नुसते तारे मोजू नका. खाली वर्षाचे युनिट आणि लेबलची मुदत छापलेली असते, ती वाचा. निकष ठरावीक वर्षांनी कडक होतात. जुन्या साठ्यातला पाच तारेवाला फ्रिज नव्या निकषांत चारावर किंवा तीनावर येऊ शकतो.

सह्याद्रीची_लेक

डिशवॉशर. मी थांबले होते कुणीतरी विषय काढेल म्हणून.

ठाण्यात राहते, तीन वर्षं रोज वापरतेय. १३ जणांच्या भांड्यांचा आहे. एका फेरीत १० ते १२ लिटर पाणी आणि साधारण एक युनिट वीज. रात्री साडेदहाला लावायचा, सकाळी भांडी कोरडी. आमच्या संसारातला सगळ्यात मोठा बदल हाच आहे, हे मी विचारपूर्वक लिहितेय.

पण आधी भांडी बदलावी लागतात हे कुणी सांगत नाही. यात चालतं ते स्टील, काच, चिनी माती. यात घालायचं नाही ते: पितळेची, कल्हईची भांडी, तांब्याचा पिंप, बिडाचा तवा, लोखंडी कढई, नॉनस्टिक, पोळपाट-लाटणं आणि अॅल्युमिनियमचा कुकर. कुकर मी पहिल्याच आठवड्यात घातला, काळाठिक्कर होऊन बाहेर आला. डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कलीची असते, ती अॅल्युमिनियम खाते. आता स्टीलचा कुकर घेतलाय. भांडी आधी विसळायचीही गरज नसते, खरकटं नीट काढून टाकायचं. मिसळीचा कट असलेलं पातेलं आणि खालच्या ट्रेमधली स्टीलची कढई ७० अंशांच्या फेरीत लख्ख निघते.

तीन गोष्टी सतत विकत आणाव्या लागतात: पावडर किंवा टॅब्लेट, मीठ आणि रिन्स एड (भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून घालायचं द्रव). मीठ म्हणजे जेवणातलं नव्हे, त्याचं जाडं मीठ वेगळं मिळतं. यंत्रात पाणी मृदू करणारी राळ असते, ती मिठाने पुन्हा ताजी होते. तुमच्याकडे टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर क्षार मोजायची पट्टी पाण्यात बुडवून बघा आणि यंत्रात तेवढा आकडा लावा. आमच्या शेजाऱ्यांनी तो लावला नव्हता, त्यांच्या काचेच्या ग्लासांवर सहा महिन्यांत पांढरा पडदा चढला.

हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशर आणि एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुनी किंमत सांगणाऱ्या दुकानदाराला विचारा.

मांडवी_काठ

पणजीहून. सह्याद्रीची_लेक, तुमचं सगळं पटलं, पण एक प्रश्न मनात राहतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं काय? आमच्या इमारतीत दोन घरांनी डिशवॉशर घेतला आणि दोघांनी मावशींना त्याच महिन्यात "उद्यापासून नको" सांगितलं. त्या बाईंचा निम्मा पगार एका दिवसात गेला. खर्च-वेळ-पाणी हे सगळं मोजताना हेही मोजावं असं मला वाटतं.

सह्याद्रीची_लेक

मांडवी_काठ, बरं झालं विचारलंत. आमच्या मावशी ११ वर्षं येताहेत. गुडघे गेलेत, मोरीपाशी बसवेना त्यांना, त्यावरूनच यंत्राचा विषय निघाला. आता त्या भाजी निवडतात, चिरतात, डिशवॉशर रिकामा करून भांडी मांडतात, पोळ्या करतात. पगार तोच ठेवला, पोळ्यांचे वाढवले. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता, म्हणून यंत्र येण्याआधीच हे बोलून घ्यायला हवं होतं असं मला नंतर वाटलं. घेणाऱ्यांनी आधी बोला.

जर्सीतलं_अंगण

न्यू जर्सीतून. इथे भाड्याच्या घरातही डिशवॉशर असतो, तरी बऱ्याच मराठी घरांत तो भांडी निथळायला वापरतात. कारण सह्याद्रीची_लेक यांनी लिहिलंय तेच, आपली कढई आणि कुकर त्यात जात नाहीत.

इकडे येणाऱ्यांसाठी मिक्सरची सूचना: भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर आणू नका, इथल्या १२० व्होल्टवर तो निम्म्या जोराने फिरतो आणि खोबरं तसंच राहतं. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो विटेएवढा जड असतो आणि गुणगुणतो. ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर इथे किराणा दुकानात मिळतात, तेच घ्या.

माजघर ताई, तुमच्या सासूबाईंसाठी एक. माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. आम्ही तिला गॅसऐवजी इंडक्शन दिलं ते वीज वाचवायला नाही. भांडं उचललं की ते आपोआप थांबतं, पदर पेटत नाही, दूध विसरलं तर टायमर बंद करतो. पण पहिली शेगडी पूर्ण स्पर्शाच्या बटणांची होती. तिची बोटं कोरडी पडतात, काचेवर स्पर्श लागतच नव्हता, ती पाच-पाच वेळा दाबायची आणि चिडायची. दुसरी घेतली ती फिरवायच्या खटक्याची. आता चालते. दुकानात सासूबाईंनाच घेऊन जा आणि बटण त्यांनाच दाबू द्या.

तिसऱ्या_मजल्यावरून

डिशवॉशर, फ्रंट लोड मशीन घेणाऱ्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मंडळींनो, पाण्याचा दाब बघा. बहुतेक पुस्तिकांत किमान ०.३ ते ०.५ बार लिहिलेलं असतं, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा निदान ३ ते ५ मीटर उंच हवं. टाकी डोक्यावरच असलेल्या मजल्याला तेवढा मिळेलच असं नाही. यंत्र पाणी भरायचा प्रयत्न करतं, वेळ संपते, चूक दाखवून थांबतं, आणि लोक यंत्राला दोष देतात. सोपी तपासणी: जिथे जोडणार त्या नळाखाली बादली धरा, मिनिटाला ८-१० लिटर आलं तर ठीक. कमी आलं तर छोटा प्रेशर पंप लागेल, त्याच्या प्लगची सोय आत्ताच करा.

आंबोळी

पाण्यावरून आठवलं. आरओ घ्यायच्या आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. पाण्यात क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हीच मर्यादा आहे) तर आरओची गरज नाही, यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि गाळणी पुरते. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांचा प्रश्न वेगळा, पण त्यांनीही ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घ्यावं.

कार्बनब्रश

जर्सीतलं_अंगण यांनी खटक्याचं लिहिलं ते अगदी बरोबर. मी यात एक भर घालतो. मिक्सरचं भांडं फिरवून बसवावं लागतं म्हणून ताईंच्या सासूबाईंचं मनगट दुखतं. काही मॉडेलमध्ये जार नुसता वरून ठेवायचा असतो, फिरवायला लागत नाही. जारला दोन्ही बाजूंनी धरता येईल असा कान हवा. आणि मिक्सर कपाटात ठेवू नका. पाच किलोचं यंत्र वाकून बाहेर काढायचं म्हणजे ते आठवड्यात बंद होणार. जे ओट्यावर कायम असतं ते वापरलं जातं. माझ्याकडे येणारे पंधरा-वीस वर्षांचे मिक्सर सगळे ओट्यावर राहिलेले असतात. वायर पिवळी पडलेली असते, तळाला पीठ असतं.

माजघर

काल रात्री सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. दीड तास लागला. शेंगदाण्याच्या ठिकाणी त्यांनी "हे परत वाच" म्हटलं, मावशींच्या ठिकाणी गप्प बसल्या.

काय ठरलं ते सांगते. वायरमन आज येऊन गेला. बोर्डापासून चार वेगळ्या लाइन, सगळ्या ४ चौरस मिलिमीटरच्या. तिसरी वायर खरोखरच कुठेही जोडलेली नव्हती. नाशिकच्या दादांचे आभार कसे मानू कळत नाही. २७ वर्षं आम्ही तसेच राहत होतो.

नळाखाली बादली लावली, मिनिटाला साडेसहा लिटर आलं. म्हणून पंपाचा पॉइंट घेतोय. डिशवॉशर लगेच घेणार नाही. सिंकशेजारी ६० सेंटिमीटरची जागा, नळ, निचऱ्याची नळी आणि प्लग एवढं करून ठेवतोय. आमच्या घरात निम्मी भांडी पितळेची आणि कल्हईची आहेत, सासूबाईंच्या माहेरची, आणि ती काढायची नाहीत. आधी मावशींशी बोलणार, मग पुढचं. त्या जागेत तोवर पिठाचे डबे.

काल संध्याकाळी दोघी दुकानात गेलो. त्यांनी सहा इंडक्शन शेगड्यांवर बोट ठेवून बघितलं. चार नाकारल्या. पाचवीला खटका होता, तो त्यांनी अंगठा आणि तळव्याच्या मधे धरून फिरवला, बोटं वापरलीच नाहीत. "ही," म्हणाल्या. चार वर्षांनी त्यांनी शेगडीला हात लावला. गॅसही ठेवतोय, दोन बर्नरचा, भाकरीसाठी आणि वीज गेली की. मिक्सर वरून ठेवायच्या जारचा घेतला, तो ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, स्वतःच्या प्लगसकट. एअर फ्रायर पुढच्या वर्षी, शेंगदाण्यांसाठी.

आता एकच राहिलं आणि त्यावर गवंडी परवा विचारणार आहे. ओट्याची उंची. माझी उंची पाच फूट चार इंच, सासूबाई चार फूट दहा. नेहमीच्या ३३ इंचांच्या ओट्यावर त्यांना पातेल्यात आत बघता येत नाही, खांदे वर उचलून ढवळावं लागतं. शेगडीपुरता तीन फुटांचा तुकडा २९ इंचांवर घ्यावा असं मनात आहे. असा दोन उंचींचा ओटा कुणी केलाय का? जोडावर पाणी साचतं का, आणि खालच्या तुकड्यावर चिमणीचं अंतर कसं धरलंत?

नागपुरी_ऊन

केलाय, आईसाठी. जोडावर ग्रॅनाइटची उभी पट्टी अर्धा इंच वर काढून घ्या, पाणी खाली उतरत नाही. चिमणी शेगडीच्या पृष्ठभागापासून ६५ ते ७५ सेंटिमीटर असते, म्हणजे ती त्या तुकड्याच्या हिशेबाने चार इंच खाली येईल. तुमचं डोकं आपटणार नाही ना, ते भिंतीवर खडूने रेघ मारून आधी बघा. आणि सासूबाईंना स्टुलावर बसून ढवळायचं असेल तर खालचं कपाट त्या तीन फुटांत करू नका, पाय जायला मोकळं ठेवा. फोटो संध्याकाळी टाकतो.